टोकनावर बाईचं नाव

माझ्या संग्रहातलं सगळ्यांत जुनं अमेरिकन टोकन १८३८ सालचं आहे. टोकन म्हणजे सरकारनं नव्हे, खासगी लोकांनी काढलेला, नाण्यासारखा चालणारा तुकडा. तांब्याचं, त्या काळच्या अमेरिकन सेंटाएवढं, म्हणजे २८ मिलिमीटरच्या आसपास. एका बाजूला गुडघा टेकून बसलेली काळी स्त्री. कमरेला गुंडाळलेलं एकच वस्त्र, हात जोडून वर उचललेले, मनगटांत बेड्या आणि त्यांतून लोंबणारी साखळी. भोवतीच्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ, ‘मी बाई नाही का? बहीण नाही का?’ उलट बाजूला पानांचं कडं, त्यात ‘लिबर्टी’ आणि पुन्हा १८३८. माझ्याकडच्या नगावर तिचा चेहरा पार झिजून गेलाय. बेड्या मात्र अजून स्पष्ट दिसतात.

हे टोकन कुठल्या बाईनं काढलेलं नाही. ते काढलं गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीनं, आणि पाडलं न्यू जर्सीतल्या बेलव्हिलच्या गिब्ज, गार्डनर आणि कंपनीनं. तरी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन व्यापारी बायकांच्या टोकनांचा माझा डबा उघडला की पहिल्या खणात हेच असतं. कुणी बघायला मागितलं तर मी आधी हे हातात देते आणि मग पंचवीस वर्षांनंतरची, बोटाच्या नखाएवढी दिसणारी छोटी टोकनं दाखवते. १८३८ ची बाई विचारते आहे. १८६३ ची बाई शब्द देते आहे: हे माझ्या दुकानात घेऊन या, मी एका सेंटाचा माल देईन. या दोघींच्या मधलं अंतर मला समजून घ्यायचंय. माझा सगळा छंद त्यासाठीच आहे.

माझी सगळी नोकरी सांगलीतल्या एका पतसंस्थेत झाली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. शिवणयंत्रासाठी, खानावळीच्या भांड्यांसाठी, म्हशीसाठी कर्ज मागायला बायका यायच्या. हिशेब तोंडपाठ असायचा. हप्ता त्याच भरायच्या, आणि तारखेच्या आधी भरायच्या. पण अर्जाच्या खाली नवऱ्याची किंवा थोरल्या मुलाची सही लागली की बाईचा चेहरा कसा होतो, ते मी टेबलाच्या पलीकडून खूपदा पाहिलंय. निवृत्तीनंतर मुलीकडे न्यू जर्सीत आले. इथल्या एका नाणे-प्रदर्शनात जुन्या टोकनांचा ट्रे समोर आला आणि एका टोकनावर आडनावाच्या आधी ‘मिसेस’ दिसलं. मला नाण्यांचं काही कळत नव्हतं. पत मात्र कळत होती. टोकन म्हणजे दुसरं काही नसतं.

आधी १८३७ बद्दल सांगते, कारण तिथून धागा सुरू होतो. १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं. मंदी आली, पेढ्या बुडाल्या, लोकांनी नाणी दडवून ठेवली. सुट्ट्या पैशांची चणचण झाली तेव्हा खासगी कारखान्यांनी सेंटाच्या मापाची तांब्याची टोकनं बाजारात आणली. त्यांना आज ‘हार्ड टाइम्स टोकन’ म्हणतात. काहींवर राष्ट्राध्यक्षांची टिंगल, काहींवर दुकानांच्या जाहिराती. अँटी-स्लेव्हरी सोसायटीनं ही संधी ओळखली. पैशासारखी चालणारी वस्तू असेल तर ती गुलामगिरीच्या बाजूच्या माणसाच्याही खिशात जाणार, आणि सुटे मोजताना त्याला ती बाई दिसणार. १८३७ च्या नोव्हेंबरात त्यांच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली: शंभर नग एक डॉलरला. म्हणजे दर्शनी किमतीलाच.

गुडघे टेकलेल्या पुरुषाचं चित्र त्याच्या आधीचं, इंग्लंडमधल्या वेजवूड या चिनी मातीच्या कारखानदाराच्या १७८७ च्या पदकावरचं. ‘मी माणूस नाही का, भाऊ नाही का?’ बाईचं चित्र नंतर आलं आणि अमेरिकेत ते लोकांपुढे ठेवण्यात एलिझाबेथ मार्गारेट चँडलर या तरुण कवयित्रीचा मोठा वाटा होता. १८३० मध्ये गुलामगिरीविरोधी नियतकालिकात ती बायकांसाठीचं सदर चालवत होती आणि तिथे हे चित्र छापलं गेलं. त्याच वर्षी फिलाडेल्फियात लिडिया व्हाइट या बाईनं असं दुकान काढलं की ज्यात गुलामांच्या श्रमातून आलेलं काहीच विकायचं नाही. कापूस मोकळ्या मजुरांनी पिकवलेलाच हवा. असा माल शोधणं अवघड, मिळाला तर महाग. तरी तिनं ते दुकान वर्षानुवर्षं चालवलं. बेलव्हिलचं टोकन कधी तिच्या गल्ल्यात पडलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. फिलाडेल्फिया ते बेलव्हिल काही फार लांब नाही. बेलव्हिलला मी स्वतः जाऊन आले. न्यूअर्कला लागूनच, पसेइक नदीच्या काठावर आहे. नदी बघितली आणि परत आले.

त्याच मंदीत, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला कोट्सव्हिलजवळ, रिबेका ल्यूकेन्स नावाची विधवा लोखंडाचा कारखाना चालवत होती. १८२५ मध्ये नवरा वारला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. डोक्यावर कर्ज, पदरी मुलं, वडिलांच्या मृत्युपत्रात घोळ, आणि बाईनं लोखंडाच्या धंद्यात पडू नये असं घरच्यांचंच म्हणणं. मरताना नवऱ्यानं मात्र कारखाना चालू ठेवायला सांगितलं होतं. तिनं तो चालू ठेवला. वाफेच्या बॉयलरसाठी लागणारे लोखंडी पत्रे हा त्यांचा माल. १८३७ मध्ये मागणी थांबली तेव्हा तिनं कामगार काढले नाहीत. त्यांना कारखान्याच्या डागडुजीला आणि शेतावर लावलं, आणि रोकड नव्हती म्हणून शेतातल्या धान्या-भाजीत पगार दिला. कर्ज फेडलं, कारखाना स्वतःचा केला. १८५४ मध्ये ती गेली. पुढे १८५९ मध्ये त्या कारखान्याला ल्यूकेन्स हे नावच मिळालं.

तिचं टोकन माझ्याकडे नाही. संग्राहक म्हणून खरं तर इथे तिचा काही संबंध नाही. पण नाणं नाहीसं झालं की मालकाचा शब्द किती वजनाचा आहे ते कळतं, आणि त्या परीक्षेत उतरलेली ही बाई मला कुठल्याही टोकनाइतकीच जवळची वाटते. कोट्सव्हिलला पोलादाचं संग्रहालय आहे, न्यू जर्सीतून दिवसात जाऊन येता येतं. जरूर जा.

१८३७ च्या मंदीनं आणखी एक गोष्ट जन्माला घातली. अँटी-स्लेव्हरी सोसायटीच्या संस्थापकांत आर्थर आणि लुईस टॅपन हे दोघे भाऊ होते, न्यूयॉर्कमधले रेशमाचे मोठे व्यापारी. मंदीत त्यांची पेढी अडकली. लोकांना दिलेली उधारी परत आली नाही. मग लुईस टॅपननं १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली: गावोगावचे बातमीदार तिथल्या दुकानदारांची पत कशी आहे ते लिहून पाठवणार, न्यूयॉर्कचे घाऊक व्यापारी पैसे भरून ती माहिती वाचणार. पुढे ती आर. जी. डन यांच्या नावानं चालली. त्या हस्तलिखित खातेवह्या, अडीच हजारांहून जास्त, आज हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत आहेत. आणि त्यांत बायका आहेत! टोप्या शिवणाऱ्या, कपडे बेतणाऱ्या, किराणा दुकानवाल्या, खाणावळी चालवणाऱ्या. भांडवल किती, देणी वेळेवर देते का, वागणूक कशी, नवरा काय करतो, पितो का. माझ्यासारखीला हे वाचताना वेळेचं भान राहत नाही, कारण आमच्या कर्ज समितीच्या बैठकीत तोंडी जे बोललं जायचं, तेच तिथे शाईनं लिहून ठेवलंय.

बाईचं दुकान आणि कायदा यांचं नातं समजून घेतल्याशिवाय टोकन हातात घेण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं. इंग्लंडकडून आलेल्या जुन्या कायद्याप्रमाणे लग्न झालं की बाईला वेगळं कायदेशीर अस्तित्वच उरत नसे. तिची कमाई नवऱ्याची. तिनं केलेल्या कराराला किंमत नाही. अविवाहित बाई आणि विधवा मात्र व्यवहार करू शकत, म्हणून जुन्या शहर-सूच्यांमध्ये, म्हणजे गावातल्या लोकांची नावं, धंदे आणि पत्ते छापलेल्या पुस्तकांत, दुकानदार विधवा इतक्या दिसतात. हळूहळू एकेका राज्यानं दार किलकिलं केलं. न्यूयॉर्कनं १८४८ मध्ये विवाहितेच्या मालमत्तेचा कायदा केला, पण त्यात तिच्या कमाईचा प्रश्न सुटला नाही. कॅलिफोर्नियानं १८५२ मध्ये विवाहितेला रीतसर जाहीर करून स्वतःच्या नावानं व्यापार करायची मुभा दिली. न्यूयॉर्कमध्ये १८६० साली कायदा झाला की विवाहित बाई स्वतःचा धंदा करू शकते आणि त्यातली कमाई तिचीच. १८६० आणि १८६३ यांच्यात फक्त तीन वर्षं आहेत. न्यूयॉर्कमधली एखादी नवरा असलेली बाई १८६३ मध्ये स्वतःच्या नावाचं टोकन पाडून घेत असेल, तर त्या तांब्याखालचा कायदा अजून नवाकोरा होता.

पण कायद्याच्या कुठल्याच दारातून आत न येऊ शकणाऱ्या बायकाही होत्या, आणि इथे मला एलिझाबेथ केकलीबद्दल थोडं थांबून लिहायचंय.

१८१८ मध्ये व्हर्जिनियात गुलामीतच जन्मलेली. मालकाच्या कुटुंबाबरोबर सेंट लुईसला आली. कुटुंबाची परिस्थिती बिघडलेली, तेव्हा हिच्या शिवणकामावर घर चाललं. आत्मचरित्रात तिनं लिहिलंय की आपल्या सुईनं सतरा माणसांच्या तोंडी दोन वर्षं आणि पाच महिने घास घातला. सतरा माणसं, आणि त्यातली कमाई तिची नाही, कारण ती स्वतःच कुणाचीतरी मालमत्ता. स्वतःची आणि मुलाची किंमत तिनं विचारली. बाराशे डॉलर. कपडे शिवून घेणाऱ्या बायकांनी मिळून ते पैसे जमवले. तिनं ते देणगी म्हणून घ्यायला नकार दिला आणि फक्त कर्ज म्हणून घेतले. १८५५ मध्ये मुक्तीचे कागद झाले. मग सेंट लुईसमध्येच राहून, शिवणकाम करून, तिनं सगळं कर्ज फेडलं आणि त्यानंतरच १८६० मध्ये ते गाव सोडलं. वॉशिंग्टनला जाऊन तिनं स्वतःचा धंदा उभारला, हाताखाली मुली ठेवल्या, आणि १८६१ पासून राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या बायकोचे, मेरी लिंकनचे पोशाख ती शिवू लागली. १८६२ मध्ये गुलामीतून पळून राजधानीत आलेल्या लोकांच्या मदतीसाठी तिनं संस्थाही काढली.

‘कर्ज म्हणून’. एवढ्यावर मी कितीतरी दिवस विचार केलाय. देणगी घेतली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण कर्ज फक्त त्यालाच देतात ज्याच्या शब्दावर विश्वास असतो. बाराशे डॉलर देणाऱ्या बायकांनी तिला मदत तर केलीच, पण तिनं त्या मदतीचं रूप बदलून टाकलं. कायदा तिला करार करू देत नव्हता तेव्हा तिनं करार केला, आणि पाळला. १८३८ च्या टोकनावरची बाई उठून उभी राहिली तर काय करेल, याचं उत्तर मला केकलीत सापडतं. माझ्या डब्यात १८३८ आणि १८६३ या दोन खणांच्या मध्ये एक खण रिकामा ठेवलाय, तो तिच्यासाठी.

आता १८६२. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं यादवी युद्ध सुरू झालेलं. ३० डिसेंबर १८६१ ला न्यूयॉर्कच्या बँकांनी पुन्हा सोनं-चांदी देणं थांबवलं. आधी सोनं गेलं, मग चांदीची छोटी नाणी, आणि १८६२ च्या उन्हाळ्यात तांबं-निकेलचा साधा सेंटसुद्धा दिसेना. पाव घ्यायचा तर सुटे नाहीत. लोक टपालाची तिकिटं पैशासारखी देऊ लागले. घामानं ती चिकटायची, फाटायची. बॉस्टनच्या जॉन गॉल्टनं तिकीट अभ्रकाखाली ठेवून पितळी चकतीत बसवलं आणि ऑगस्ट १८६२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण गल्लीतल्या दुकानदाराला तेवढं परवडणारं नव्हतं. त्याला हवा होता सेंटाच्या आकाराचा, १९ मिलिमीटरचा, स्वस्त तांब्याचा तुकडा. ओहायोतल्या सिनसिनाटीत आणि मग शहरोशहरी साचे कोरणाऱ्यांनी तो पुरवला. एकूण अडीच कोटींच्या आसपास टोकनं निघाली असा अंदाज आहे. २३ राज्यं, चारशेच्या आसपास गावं, दीड हजारांच्या आसपास व्यापारी.

यांचे दोन प्रकार. एक ‘देशभक्तीपर’, त्यांवर झेंडा, लिबर्टीचं मस्तक, युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या घोषणा, पण कुणाचंही नाव नाही. दुसरा ‘स्टोअर कार्ड’, त्यांवर दुकानदाराचं नाव, गाव, धंदा. मला पहिल्या प्रकारात रस नाही. दिसायला सुरेख असतात, पण त्यांच्या मागे कुणी उभं नाही. परत करायला जाणार कुणाकडे? स्टोअर कार्डवर नाव असतं, म्हणजे जबाबदारी असते. अर्थात नाव असूनही शब्द न पाळणारे होते. न्यूयॉर्कच्या गुस्टाव्हस लिंडेनमुलर या बिअर-गुत्तेवाल्यानं दहा लाखांहून जास्त टोकनं वाटली. थर्ड अव्हेन्यू रेलरोडकडे भाड्यापोटी ती ढिगानं जमली, कंपनीनं बदलून मागितली, आणि त्यानं साफ नकार दिला. कायद्यात त्याला धरायला काहीच नव्हतं. अखेर २२ एप्रिल १८६४ च्या कायद्यानं एक आणि दोन सेंटांची खासगी नाणी काढणं गुन्हा ठरवलं आणि नवीन ब्राँझचा सेंट आला. त्याच वर्षी ८ जूनच्या कायद्यानं उरलीसुरली खासगी नाणीही बंद झाली. लिंडेनमुलरचं टोकन स्वस्तात मिळतं, प्रत्येक ट्रेमध्ये असतं. मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही.

दीड हजार व्यापाऱ्यांमध्ये बाईचं नाव उघड दिसतं अशी टोकनं मोजकीच. ‘मिसेस’ किंवा ‘मिस’ छापलेलं असेल तर विक्रेता ते आधीच वेगळं काढतो आणि किंमत वाढवतो. पण ‘मिसेस’च्या पुढे कितीदा तरी नवऱ्याचीच आद्याक्षरं असतात. आणि खरी गंमत त्या टोकनांत आहे, ज्यांवर नुसतं एक अक्षर आणि आडनाव आहे. त्या अक्षरामागे मेरी असेल किंवा मायकेल. साचे कोरणारे अक्षरांनुसार पैसे वाचवत असतील, किंवा दुकानदारणीलाच वाटलं असेल की कळायला नको. टोकन पाडणारे तयार साचे ठेवत: चांभारासाठी बूट, औषधवाल्यासाठी खलबत्ता, गुत्त्यासाठी बिअरचा मग. गिऱ्हाइकानं फक्त एका बाजूचं नाव सांगायचं. त्यामुळे चित्रावरून मालक बाई की पुरुष हे कळायला काही वाव नाही.

मग शोध कागदात घ्यावा लागतो. आधी टोकनाचा फुल्ड क्रमांक बघायचा. मेल्विन आणि जॉर्ज फुल्ड या बापलेकांनी लावलेली ही पद्धत: राज्य, गावाचा आकडा, मग व्यापाऱ्याचं अक्षर. सिनसिनाटीचा आकडा १६५, डेट्रॉइटचा २२५. गाव आणि धंदा हाती आला की त्या सालची शहर-सूची उघडायची. सिनसिनाटीसाठी विल्यम्सची, न्यूयॉर्कसाठी ट्रोची. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी त्या संगणकावर ठेवल्या आहेत, घरबसल्या चाळता येतात. विधवेच्या नावापुढे तसं संक्षेपात लिहिलेलं असतं, बहुतेकदा मेलेल्या नवऱ्याच्या नावासह. मग जनगणना. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: १८५० च्या जनगणनेत व्यवसाय फक्त पुरुषांचा विचारला होता. १८६० मध्ये पहिल्यांदा पंधरा वर्षांवरच्या बायकांचाही विचारला गेला. म्हणजे टोकनांच्या जेमतेम दोन-तीन वर्षं आधी सरकारनं पहिल्यांदा दारात उभं राहून बाईला विचारलं, तू काय करतेस? नशीब आमचं.

एवढं करूनही घाई करू नये. नवऱ्याचं दिवाळं निघालं की घेणेकरी टाळायला दुकान बायकोच्या नावावर करायची रीत तिथेही होती, आपल्याकडेही आहे. नाव तिचं, गल्ला त्याचा. उलट प्रकारही तितकाच: नवरा केव्हाच गेलेला, दुकान विधवा चालवते, पण पाटीवर अजून त्याचंच नाव, कारण गिऱ्हाईक त्या नावावर येतं. माझ्या मते दुसऱ्या प्रकारची टोकनं जास्त मोलाची आहेत आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. लिलावात ‘बाईनं काढलेलं’ असं लिहून येतं ते बहुधा ‘मिसेस’ छापलेलं. पुरुषाच्या नावाखाली बसून युद्धाच्या तीन वर्षांत सुटे पुरवणारी बाई वीस-पंचवीस डॉलरच्या ट्रेमध्ये पडलेली असते.

नव्यानं या छंदात येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. वेश्यागृहांची म्हणून विकली जाणारी, मालकिणीचं नाव आणि एखादी चावट ओळ असलेली पितळी टोकनं बाजारात भरपूर दिसतात. ती बहुतांश विसाव्या शतकात पर्यटकांसाठी बनवलेली आहेत. त्यांतून बायकांचा इतिहास काढायला जाऊ नका, आणि खऱ्या मालकिणींची अशी थट्टा विकत घेऊन घरात ठेवू नका. दुसरं म्हणजे साफसफाई. तांबं म्हटलं की आपला हात चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. इथे चुकूनही नको. दीडशे वर्षांत चढलेला तो तपकिरी थर हेच त्याचं अंग आहे. तो गेला की टोकन गुलाबी, उघडं पडतं आणि कुणी जाणकार त्याला हात लावत नाही. कडेनं धरायचं, दहापट भिंगातून बघायचं, पुठ्ठ्याच्या चौकटीत मायलर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, लावून ठेवायचं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी तांब्यावर हिरवट चिकटा येतो. सिव्हिल वॉर टोकन सोसायटी १९६७ पासून आहे, तिचं नियतकालिक निघतं. त्यातले जुने अंक वाचले की पैसे वाचतात.

आणि पुष्कळ टोकनांवर बाई असतेच, हेही लक्षात घ्या. लिबर्टीचं मस्तक. केसांत फीत, कधी टोपी, कधी तारे. देश बाईच्या रूपात दाखवायचा, स्वातंत्र्य बाईच्या रूपात दाखवायचं, आणि उलट बाजूला छापायचं नाव पुरुषाचं. ज्या मोजक्या टोकनांवर दोन्ही बाजूंना बाई आहे, एकीकडे लिबर्टी आणि दुसरीकडे दुकानदारीण, ती माझ्या डब्याच्या शेवटच्या खणात आहेत. हातात घेतली की मला आमच्या पतसंस्थेतल्या त्या शिवणयंत्रवाल्या बाया आठवतात. त्यांच्यातल्या एकीनं कर्ज फिटल्यावर दाखला मागितला होता. कशाला हवा, विचारलं तर म्हणाली, “माझ्या नावाचा आहे म्हणून, ताई.”

सध्या मी सिनसिनाटीच्या एका किराणा दुकानाच्या टोकनामागे आहे. एक अक्षर, आडनाव, पत्ता नाही. १८६३ च्या सुमाराच्या सूचीत त्या आडनावाची एक विधवा किराणा दुकानवाली म्हणून दिसते आणि १८६० च्या जनगणनेतही तोच धंदा आहे. तिचं नाव छातीठोक लिहायला मला तिसरा पुरावा हवा, आणि तो असला तर डनच्या खातेवहीत असेल. त्या वह्या राज्य आणि काउंटीप्रमाणे लावलेल्या आहेत. बॉस्टनला शिकणाऱ्या माझ्या भाचीला मी आडनाव, वर्षं आणि दोन पर्यायी स्पेलिंग कळवून ठेवली आहेत. ओहायो, हॅमिल्टन काउंटी. तिथून सुरुवात करायची.